सिंकखालची पेटी : स्वयंचलित ग्रीस ट्रॅप आणि त्याची सफाईसेवा, सव्वा वर्षाच्या वापरानंतर

व्यावसायिक स्वयंपाकघर उभे करताना भट्ट्या, शीतकपाटे आणि ओव्हन यांच्या निवडीवर आठवडेच्या आठवडे खल होतो; भांडी घासण्याच्या सिंकखाली बसणारा ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातले तेल-चरबी अडवणारी पेटी, मात्र प्लंबरच्या मर्जीवर सोडून आपण मोकळे होतो. रोज काहीशे माणसांचे जेवण बनवणाऱ्या आमच्या स्वयंपाकघरातही हेच झाले होते. पहिली कित्येक वर्षे आमच्याकडे साधी पेटी होती : आत दोन आडभिंती, वर सहा बोल्टांनी आवळलेले झाकण, आणि ते उघडण्याची कुणालाच नसलेली इच्छा. एकदा ऐन दुपारच्या गर्दीत जमिनीवरच्या जाळीतून पाणी उलटे वर आले, तेव्हा सिंकखाली असे काही आहे याची आमच्यापैकी बहुतेकांना आठवण झाली. त्या प्रसंगानंतर आम्ही जुनी पेटी काढून स्वयंचलित प्रकारचा ट्रॅप बसवला आणि त्याच्यासोबत सफाईचा वार्षिक करार केला. त्याला आता सव्वा वर्ष झाले. हे परीक्षण त्या यंत्राचे आणि त्या सेवेचे, दोन्हींचे आहे. उत्पादकाचे व कंत्राटदाराचे नाव मुद्दामच देत नाही, कारण या जातीची बहुतेक यंत्रे एकाच तत्त्वावर बांधलेली असतात आणि माझे आक्षेप एका कारखान्यापुरते नाहीत.

यंत्राकडे वळण्यापूर्वी त्या दिवशी कापून काढलेल्या पाइपात काय सापडले ते सांगायला हवे, कारण ट्रॅपकडून नेमकी कशाची अपेक्षा करायची हे मला त्या तुकड्यानेच शिकवले. शंभर मिलिमीटर व्यासाच्या पाइपात पाणी जायला अंगठा शिरेल एवढीच वाट उरली होती. बाकी जागा ज्याने व्यापली होती ते तेल नव्हते, थिजलेली चरबीही नव्हती. ते राखाडी-पांढरे, नखाने खरवडले तर भुगा पडणारे, खडू आणि साबण यांच्या मधले काहीतरी होते. तो खरोखरच साबण होता. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात केव्हिन कीनर आणि जोएल डुकोस्ट यांच्या गटाने मलवाहिन्यांतील अशा साक्यांचे नमुने तपासले आणि २००८ साली दाखवून दिले की त्यांतील बरेचसे मेदाम्लांचे (तेल-चरबी ज्यांची बनते त्या आम्लांचे) धातुक्षार, म्हणजे एक प्रकारचा साबणच, असतात, त्यांतही मुख्यतः कॅल्शियमचे. पुढे २०११ मध्ये डुकोस्ट यांच्या गटाने तसाच साका प्रयोगशाळेत घडवूनही दाखवला. तेल वाहिनीत पडून राहिले की त्याचे विघटन होऊन मुक्त मेदाम्ले सुटतात, आणि त्यांना जड पाण्यातून किंवा झिजणाऱ्या काँक्रीटमधून कॅल्शियम मिळाले की पाण्यात न विरघळणारा साबण तयार होऊन पाइपाच्या अंगाला चिकटतो. तळणीतून गेलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले आधीपासूनच वाढलेली असतात, म्हणून स्वयंपाकघरातील तेल या कामाला जास्तच तयार असते.

हे एकदा ध्यानात आले की “भरपूर गरम पाणी सोडा, सगळे वाहून जाईल” या सल्ल्यातील खोट दिसते. गरम पाणी तेलाला आपल्या सिंकपासून पुढे नेते, एवढेच. ते शेजारच्या गल्लीखाली थंड होते आणि तेथे आपले काम सुरू करते. तेल-चरबीतले एक नेहमीचे मेदाम्ल, पामिटिक आम्ल, साधारण ६३ अंश सेल्सिअसला वितळते. एवढे तापमान कुठल्याही शहराच्या मलवाहिनीत नसते. लंडनमधील व्हाइटचॅपल भागात सप्टेंबर २०१७ मध्ये मलवाहिनीत सापडलेला चरबीचा गठ्ठा २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा होता. त्यात चरबीबरोबर वेट वाइप्स आणि इतर कचरा घट्ट विणला गेला होता, आणि त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी म्युझियम ऑफ लंडनमध्ये काचेआड ठेवण्यात आला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००४ साली तेथील काँग्रेसला, म्हणजे संसदेला, दिलेल्या अहवालात वाहिन्या तुंबण्याच्या नोंदलेल्या घटनांपैकी ४७ टक्क्यांचे कारण ग्रीस असल्याचे म्हटले होते. आमचा पाइपाचा तुकडा त्या मानाने फारच किरकोळ; पण तो हातात घेऊन पाहिला असल्याने मला तोच अधिक पटला.

आता यंत्र. ग्रीस ट्रॅपचे मूळ तत्त्व जुने आहे. नॅथॅनिएल व्हाइटिंग यांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले ते १८८४ साली. तेल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून सांडपाण्याला पेटीत थोडे थबकू दिले की तेल वर येते, जड कण तळाशी बसतात, आणि मधले पाणी तळाजवळून उघडणाऱ्या नळीने बाहेर पडते. साध्या पेटीत हे वर आलेले तेल कुणीतरी झाकण काढून उपसेपर्यंत तेथेच साचते. आमच्या नव्या पेटीत यावर तीन गोष्टी चढवलेल्या आहेत. पाणी आत येते तेथे अन्नकण अडवणारी उचलून काढता येणारी जाळीची टोपली आहे. वरच्या थरात एक तापक आहे जो ठरलेल्या वेळी ग्रीस पातळ करतो. आणि पृष्ठभागात अर्धवट बुडलेली एक चकती आहे, जी मोटरवर सावकाश फिरते, अंगाला चिकटलेले तेल वर आणते आणि रबरी वायपरवर पुसून बाहेरच्या पारदर्शक डब्यात सोडते. हे सगळे रोज एकदा, काम संपल्यावर, टायमरवर चालते.

स्टेनलेस स्टीलची ही पेटी मिनिटाला २० अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ७५ लिटर प्रवाहासाठी प्रमाणित आहे. अमेरिकेत साध्या पेट्यांची चाचणी प्लंबिंग अँड ड्रेनेज इन्स्टिट्यूटच्या जी१०१ किंवा एएसएमई ए११२.१४.३ या मानकानुसार होते आणि आमच्यासारख्या स्वतःहून ग्रीस काढणाऱ्या यंत्रांसाठी ए११२.१४.४ हे वेगळे मानक आहे; युरोपात ईएन १८२५ चालते. खरेदी करताना अंगावरच्या पत्रीवर यांपैकी एखादा क्रमांक आहे की नाही हे पाहावे, नसेल तर पुढे बोलूच नये. मात्र त्या क्रमांकाचा अर्थही समजून घ्यावा. जी१०१ च्या चाचणीत वितळवलेली डुकराची चरबी गरम पाण्याबरोबर पेटीत सोडतात आणि तिच्यापैकी सरासरी किमान ९० टक्के अडली पाहिजे अशी अट असते. त्या पाण्यात भांडी घासण्याचा साबण नसतो. आपल्या सिंकमध्ये साबण असतोच, आणि साबणाचे कामच मुळी तेलाचे बारीक थेंब करून त्यांना पाण्यात लटकते ठेवणे हे आहे. म्हणजे ट्रॅपला जे करायचे आहे त्याच्या नेमके उलटे.

थेंबाच्या आकाराचा हा मुद्दा पुस्तकी वाटेल, म्हणून मी एकदा बसून हिशेब केला. थेंब वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. स्थिर पाण्यात दीडशे मायक्रॉनचा तेलाचा थेंब सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वर चढतो, म्हणजे तीस सेंटिमीटर चढायला त्याला पाच मिनिटे लागतात. साबणाने त्याच थेंबाचे पंधरा मायक्रॉनचे थेंब केले तर तोच प्रवास आठ तासांपेक्षा जास्त होतो. आमच्या पेटीत सुमारे शंभर लिटर पाणी मावते. पूर्ण प्रवाह चालू असताना एक थेंब तिच्यात जेमतेम ऐंशी सेकंद राहतो. मोठा थेंबसुद्धा तेवढ्यात आठ सेंटिमीटरच चढतो, म्हणून आडभिंतींनी प्रवाह वर वळवून त्याला मदत करावी लागते. बारीक थेंबाला तर काहीच आशा नाही. यंत्र घेतल्यावर पहिल्या महिन्यात डब्यात अपेक्षेपेक्षा कमी तेल येत होते याचे कारण मला या हिशेबात सापडले. भांडी घासणारी मंडळी हात सैल सोडून साबण ओतत होती. मोजून सोडणारा पंप बसवला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सिंकमध्ये जाण्याआधी प्रत्येक कढई व ट्रे खरडून आणि कागदाने पुसून घेण्याचा नियम केला. डब्यातले तेल त्यानंतरही फारसे वाढले नाही, पण ट्रॅपच्या पुढच्या तपासणी चेंबरमधला दुधट ओशटपणा दिसण्याइतका उतरला. जे पेटीत आलेच नाही ते तिला अडवावेही लागले नाही, एवढा साधा हा जमाखर्च आहे.

यंत्राचा जो भाग मला मनापासून आवडला तो म्हणजे बाहेर निघणाऱ्या तेलाची प्रत. चकतीने काढलेले तेल जवळजवळ पाणीविरहित असते. डबा पारदर्शक असल्यामुळे तळाला पाणी दिसले तर चकती गरजेपेक्षा जास्त वेळ फिरते आहे हे लगेच कळते आणि टायमर कमी करता येतो. आम्ही तीन वेळा कमी-जास्त करून योग्य वेळ गाठली. उपकरणाबरोबर आलेल्या पुस्तिकेत हे कुठेही नीट सांगितलेले नाही, ही तिची मोठी उणीव आहे. दुसरे म्हणजे वास. साध्या पेटीत ग्रीस आठवडेच्या आठवडे कुजत पडते, त्यामुळे झाकण उघडले की स्वयंपाकघरातून लोक बाहेर पळत. येथे तेल रोज निघून जाते आणि टोपलीही रोज रिकामी होते, त्यामुळे वास आहे पण तो सहन होण्याजोगा. झाकण बोल्टांऐवजी खटक्यांनी बंद होते. हा बदल किरकोळ वाटतो, पण ज्या झाकणाला पाना लागतो ते झाकण कुणी उघडत नाही, हे मी जुन्या पेटीच्या बाबतीत पाहिलेले आहे.

टोपलीविषयी मात्र दोन शब्द कडक लिहिले पाहिजेत. यंत्राला स्वयंचलित म्हणतात, आणि त्या शब्दाने विकणारा व घेणारा दोघेही स्वतःची फसवणूक करून घेतात. तेल आपोआप निघते. अन्नकण निघत नाहीत. टोपली रोज हाताने उचलून, कचऱ्याच्या डब्यावर आपटून, धुऊन परत बसवावी लागते. ती भरली की पाणी तिच्या कडेवरून आत जाते, कण तळाशी बसतात, कुजतात, आणि त्यातून निघणारे वायूचे बुडबुडे तळाचा गाळ उसळवून वर आलेल्या तेलात मिसळतात. मग चकतीवर तेल न येता लगदा येतो आणि वायपर चोंदतो. आमच्याकडे सुट्यांच्या एका आठवड्यात बदली माणसाला टोपलीचे कुणी सांगितले नव्हते. आठव्या दिवशी यंत्र चालू होते, मोटरचा आवाजही येत होता, आणि डबा कोरडा होता. तोवर हिरवा दिवा मात्र नेमाने जळत होता. टोपली भरल्याचे सांगणारी काही खूण या यंत्रात नाही, आणि ती असायला हवी होती.

वायपर हा दुसरा दुबळा दुवा. रबराची ही पट्टी तापलेल्या ग्रीसमध्ये काही महिन्यांतच कडक होते, तिची कड चकतीपासून सुटते आणि तेल पुसले जाण्याऐवजी चकतीबरोबर परत पेटीत फिरत राहते. आमची पहिली पट्टी पाचव्या महिन्यात गेली. सुटी पट्टी मिळायला सहा आठवडे लागले, आणि त्या काळात अत्याधुनिक म्हणून घेतलेली ही पेटी आम्ही जुन्या पेटीसारखीच हाताने उपसत होतो. तापकाच्या बाबतीत तक्रार नाही. विजेच्या जोडणीसाठी मात्र सिंकखालच्या ओल्या जागेत सुरक्षित सॉकेट घ्यावे लागते, त्याचा विचार आधीच करावा. आम्ही तो पेटी आणून ठेवल्यावर केला.

क्षमतेच्या हिशेबात आमची जी चूक झाली ती विक्रेत्याची जास्त की आमची, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. आमच्या मुख्य सिंकचे दोन कप्पे प्रत्येकी ५० बाय ४५ बाय ३० सेंटिमीटरचे आहेत, म्हणजे दोन्ही मिळून १३५ लिटर. भांड्यांनी व्यापलेली जागा सोडून तीन चतुर्थांश पाणी धरण्याची पद्धत आहे. ते झाले सुमारे १०१ लिटर. हे पाणी एका मिनिटात सोडायचे धरले तर ७५ लिटरची पेटी अपुरी पडते. दोन मिनिटांत धरले तर ५१ लिटर प्रतिमिनिट होतात आणि ती पुरते. विक्रेत्याने दोन मिनिटे धरली. ते नियमाला धरून आहे, पण मग पेटीच्या अलीकडे प्रवाह आवरणारी चकती आणि हवेची नळी बसलीच पाहिजे, आणि तिच्यामुळे सिंक सावकाश रिकामे होते हे वापरणाऱ्यांनी मान्य केले पाहिजे. आमच्या लोकांनी ते मान्य केले नाही. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी ती चकती काढून टाकली. पुढे आम्हीच त्या लाइनीवर मोठ्या पातेल्यांचे सिंकही जोडले, ७० बाय ६० बाय ४० चे, म्हणजे आणखी १६८ लिटर. दोन्ही एकदम सोडली तर दोन मिनिटांच्या हिशेबानेही प्रवाह ११४ लिटरवर जातो. अशा वेळी पाणी पेटीतून वाहत नाही, धावते, आणि जाताना आधी साठलेले तेलही ओढून नेते. युरोपीय मानकाची रीत मला या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटते : त्यात कमाल प्रवाहाला गुणक लावतात, पाणी ६० अंशांपेक्षा गरम असेल तर १.३ चा आणि साबण वापरला जात असेल तर पुन्हा १.३ चा. आपल्या हिशेबाला हे दोन गुणक लावून पाहिले की विक्रेत्याने सुचवलेली पेटी बहुधा एक मापाने लहान निघते.

त्याच कारणासाठी भांडी धुण्याचे यंत्र आम्ही या पेटीला जोडले नाही, आणि ते बरेच झाले. त्याच्या शेवटच्या धुण्याचे पाणी ८२ अंशांच्या आसपास असते आणि त्यातला साबण सिंकच्या साबणापेक्षा कितीतरी तिखट. असे पाणी लहान पेटीत आले तर ते साठलेली ग्रीस वितळवून घेऊन जाते. काही प्लंबिंग संहितांत भांडी धुण्याचे यंत्र व अन्न दळणारे यंत्र अशा ट्रॅपला जोडायला सरळ मनाईच आहे.

आता सफाईची सेवा. येथे माझा अनुभव यंत्रापेक्षा वाईट होता आणि नंतर बराच सुधारला. करार असा होता की दर महिन्याला कंत्राटदाराची माणसे येऊन पेटी पूर्ण उपसतील, आतल्या भिंती खरवडतील, तळाचा गाळ काढतील, स्वच्छ पाणी भरतील आणि नोंदवहीत मोजमाप लिहून सही करतील. ईएन १८२५ मध्येही महिन्यातून किमान एकदा आणि शक्य तर पंधरवड्याने उपसून, धुऊन, पुन्हा पाणी भरण्याची शिफारस आहे, आणि अनेक शहरांच्या नियमांत वरचा तेलाचा थर व तळाचा गाळ यांची बेरीज पाण्याच्या एकूण खोलीच्या २५ टक्क्यांवर जाण्याआधी पेटी रिकामी करण्याची अट असते. कागदावर सगळे ठीक होते. तिसऱ्या महिन्यात मी स्वतः उभा राहून पाहिले, तर दोन माणसे आली, त्यांनी वरचा थर पाइपाने ओढून घेतला, झाकण लावले आणि बारा मिनिटांत वहीवर सही मागितली. तळाचे काय, असे विचारल्यावर त्यांच्यातला वयाने मोठा माणूस शांतपणे म्हणाला, “साहेब, वरचे काढले की झाले. तळाला कोण बघतो?”

त्याच्यावर मी रागावलो नाही, कारण तो खरे तेच बोलला होता. मी एक पारदर्शक नळी घेऊन ती पेटीत तळापर्यंत उभी घातली, वरचे टोक अंगठ्याने दाबून बाहेर काढली, आणि आतले थर पट्टीने मोजले. पाण्याची एकूण खोली ४० सेंटिमीटर. वरचा थर आता जवळजवळ शून्य, आणि तळाचा गाळ अकरा सेंटिमीटर. म्हणजे सफाई झाल्यावरही पेटी २५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर होती. ही नळीची युक्ती प्रत्येक स्वयंपाकघराने आत्मसात करावी. ती करायला दोन मिनिटे लागतात आणि कुठल्याही अहवालापेक्षा ती जास्त सांगते. शिवाय सफाईनंतर त्यांनी पेटीत पाणी भरले नव्हते. रिकाम्या पेटीत तेल वर यायला पाणीच नसते, त्यामुळे ती भरेपर्यंत येणारे सांडपाणी तळाची घाण ढवळत जाते. याहून वाईट प्रकार म्हणजे टँकरमध्ये ओढलेले पाणी थोडे स्थिरावल्यावर परत त्याच पेटीत सोडणे. टँकर कमी भरतो, फेऱ्या वाचतात, आणि आपण पैसे देऊन काढलेल्या तेलातला वाटा आपल्याकडेच परत येतो. आमच्याकडे हे झाले की नाही हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण पहिल्या कंत्राटदाराच्या माणसांचा पाइप दोनदा पेटीत जाताना मी पाहिला आहे.

सहाव्या महिन्यात कंत्राटदार बदलला. दुसरी सेवा पहिल्यापेक्षा महाग आहे आणि ती तेवढ्या मोलाची आहे. तिची माणसे येताच आधी नळीने थर मोजून आम्हाला दाखवतात, मग सगळे पाणी काढतात, भिंती व आडभिंती प्लास्टिकच्या पट्टीने खरवडतात, चकती व वायपर तपासतात, पाणी भरतात आणि शेवटी माल कुठे नेला याची पावती आठवड्याभरात पाठवतात. ही पावती नुसती औपचारिकता नाही. तळणीचे वापरलेले तेल, ज्याला या धंद्यात पिवळी ग्रीस म्हणतात, ते स्वच्छ असते आणि त्याचे बायोडिझेल सहज होते. ट्रॅपमधली तपकिरी ग्रीस पाणी, गाळ आणि मुक्त मेदाम्ले यांनी भरलेली असते, तिच्यावर आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते, नाहीतर नेहमीच्या क्षारीय पद्धतीत तिचा पुन्हा साबणच होतो. बायोगॅसच्या पाचकात मात्र ती मोजून टाकली तर उपयोगी पडते. म्हणजे तपकिरी ग्रीसला गिऱ्हाईक कमी आणि विल्हेवाटीचा खर्च जास्त, त्यामुळे रात्रीच्या वेळी एखाद्या मॅनहोलचे झाकण उघडून टँकर मोकळा करण्याचा मोह कायम असतो. पावतीचा आग्रह धरला नाही, तर आपल्या सिंकखाली अडवलेले तेल चार गल्ल्या पलीकडे त्याच वाहिनीत जाऊ शकते. आमच्या चकतीने काढलेले तेल तुलनेने कोरडे असले तरी ते तपकिरीच असते. ते तळणीच्या तेलाच्या पिंपात ओतू नये, सगळे पिंप वाया जाते. हे आम्ही एकदा करून पाहिले आहे.

दुसऱ्या सेवेची आणखी एक गोष्ट मला भावली. त्यांची माणसे इमारतीबाहेरच्या मोठ्या टाक्यांचेही काम करतात आणि अशा टाकीत कुणीही, कितीही घाई असली तरी, उतरत नाही. पाइप, कॅमेरा आणि फवारा वरूनच चालवतात. साचलेल्या गाळात हवेविना कुजणे चालू असते आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडलेल्या अंड्यासारखा त्याचा वास थोड्या प्रमाणात लगेच कळतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास गेले की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते. सफाईचा करार करताना माणूस टाकीत उतरवणार नाही हे कलम लिहून घ्यावे, आणि ज्याला ते नको असेल त्याला काम देऊ नये.

पहिल्या कंत्राटदाराने आम्हाला जिवाणूंचे द्रावणही विकले होते, रोज रात्री सिंकमध्ये ओतायचे; त्याने म्हणे सफाईच लागत नाही. आम्ही एक महिना ओतले. चकतीच्या डब्यात तेल कमी येऊ लागले, याचा आनंद आम्हाला चार दिवस झाला, आणि मग बाहेरच्या चेंबरमध्ये तवंग वाढलेला दिसला. अशा द्रावणांतील विकरे (एन्झाइम) किंवा साबणासारखे घटक तेल फोडून पाण्यात मिसळतात, ते पेटीतून निसटते आणि पुढे, जेथे ना विकरे उरतात ना उष्णता, तेथे पुन्हा एकत्र येते. अनेक शहरांनी ट्रॅपमध्ये अशी द्रव्ये टाकायला बंदी घातली आहे ती याच कारणाने. चांगल्या जिवाणूंना काम करायला वेळ लागतो, आणि ऐंशी सेकंद हा जिवाणूंचा वेळ नव्हे.

हे यंत्र कुणी घ्यावे? ज्यांच्याकडे एक-दोन सिंक आहेत, बाहेर टाकी पुरायला जागा नाही, तेल बरेच निघते आणि रोज टोपली काढणारा एक ठरलेला माणूस आहे, त्यांनी घ्यावे. साध्या पेटीपेक्षा ते निःसंशय चांगले आहे. ज्या स्वयंपाकघरात माणसे महिन्याला बदलतात, तेथे साधी पण एक माप मोठी पेटी आणि पंधरवड्याची कडक सफाई अधिक भरवशाची ठरेल. आणि ज्यांच्याकडे चार-पाच सिंक, भांडी धुण्याचे यंत्र आणि जमिनीवरच्या जाळ्या एकाच लाइनीवर आहेत, त्यांनी सिंकखालच्या पेटीचा नाद सोडून इमारतीबाहेर मोठी टाकी पुरावी, जिच्यात पाणी अर्धा तास तरी थांबेल. अर्ध्या तासात पाणी थंडही होते आणि साबणाने फोडलेल्या थेंबांनाही थोडी संधी मिळते.

आमच्यापुरते सांगायचे तर प्रवाह आवरणारी चकती परत बसली आहे, यावेळी तिच्या भोवतीची नळी कुलूपबंद आहे. सिंक सावकाश रिकामे होते, त्यावर कुरकुर चालू आहे. दर शनिवारी मी बाहेरच्या चेंबरचे झाकण उचलून पाहतो. पहिल्या महिन्यातला दुधट तवंग आता नाही, पातेल्यांच्या सिंकचे पाणी येते तेव्हा मात्र अजूनही ओशट कड दिसते. त्या सिंकसाठी स्वतंत्र पेटी घ्यायचे ठरले आहे, याच जातीची, एक माप मोठी. तिच्या मागणीपत्रात वायपरच्या चार सुट्या पट्ट्या पेटीच्या आधीच्या ओळीत लिहिल्या आहेत.